‘दात घासत नाहीस का रे?’

दोस्तांनो, तुमच्या वर्गात असं कुणी आहे का, जे हसताना तोंडावर हात धरतं?

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एका शिबिराला गेलो होतो. आमच्या खोलीत पांढरकवड्याकडचा एक मुलगा होता. कबड्डीत एक नंबर, झाडावर चढण्यात तर माकडालाही मागे टाकेल असा. पण हसायचा मात्र तोंडावर हात ठेवून. कारण त्याच्या समोरच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते. चहाचा कप न धुता ठेवला की त्यावर कसे डाग पडतात, अगदी तसे.

पहिल्या दिवशी सकाळी नळावर आम्ही ओळीने दात घासायला उभे राहिलो. तेव्हा आमच्यातलं कुणीतरी त्याला म्हणालं, “काय रे, घरी दात घासत नाहीस का?” (ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच, हे आता कबूल करायला हरकत नाही.) सगळे खो खो हसले. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही उठायच्या आधीच तो नळाशी बसलेला होता. बोटावर राखुंडी घेऊन खसाखसा दात घासत होता. त्याने चूळ टाकली तेव्हा पाण्याला लाल रंग आला होता.

शिबिराच्या शेवटी एक डेंटिस्ट बाई आल्या. त्यांनी टॉर्च मारून सगळ्यांचे दात तपासले. माझे दात दिसायला पांढरेशुभ्र, पण दोन दाढा किडलेल्या निघाल्या! आणि त्या मुलाच्या तोंडात एकही कीड नाही. बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला, “बाळ, तुमच्या गावात पाणी कुठलं पितात?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दात बघायला आलेल्या बाई पाण्याची चौकशी कशाला करतात?

या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी एका डॉक्टराने आपल्या आयुष्याची तीस वर्षं घालवली होती. चला, आधी त्याची गोष्ट ऐकू.

कोलोरॅडोचे तपकिरी दात

सन १९०१. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ गावात फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. नुकतंच शिक्षण संपवून त्याने दवाखाना उघडला होता. पाहतो तो काय, गावातल्या कित्येकांच्या दातांवर चॉकलेटी डाग! काहींचे दात तर पूर्ण तपकिरी. त्याने आपली पुस्तकं चाळली, पण कुठल्याच पुस्तकात या रोगाचा पत्ता नाही. गावकऱ्यांकडे मात्र कारणांची कमतरता नव्हती. कुणी म्हणे डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने होतं, कुणी म्हणे दूध खराब आहे.

मॅकेने त्या काळच्या नामांकित दंतवैद्यांना पत्रं पाठवली. बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. पण शिकागोचे डॉ. ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक १९०९ मध्ये स्वतः तिथे आले. ब्लॅक म्हणजे दंतवैद्यकातलं फार मोठं नाव. डॉक्टरांना ठाऊक नसलेला दातांचा रोग असू शकतो, यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना. आता मात्र प्रत्यक्षच पाहिलं. गावात जन्मलेल्या दर दहा मुलांमधल्या जवळजवळ नऊ मुलांच्या दातांवर डाग!

दोघांनी सहा वर्षं अभ्यास केला. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली अशी, की हे डाग फक्त लहानपणी तिथे राहिलेल्यांनाच पडतात. कायमचे दात तयार झाल्यावर जो बाहेरून येऊन राहिला, त्याला काही होत नाही. आणि दुसरी गोष्ट तर फारच चक्रावून टाकणारी. हे डागाळलेले दात किडत नव्हते! दिसायला घाणेरडे, पण आतून ठणठणीत.

आमच्या शिबिरातलंच कोडं की हे!

डॉ. ब्लॅक १९१५ साली वारले. मॅके एकटाच शोध घेत राहिला. १९२३ मध्ये त्याला आयडाहो राज्यातल्या ओकली गावातून बोलावणं आलं. तिथल्या आयांनी मोठं मोलाचं निरीक्षण केलं होतं. पाच मैलांवरच्या एका उष्ण झऱ्याचं पाणी नळाने गावात आणलं आणि त्यानंतरच मुलांच्या दातांवर डाग पडू लागले, असं त्यांचं म्हणणं. मॅकेने पाणी तपासलं, पण त्यात काही सापडलं नाही. तरी त्याने आयांवर विश्वास ठेवला आणि ती नळयोजना बंद करायला सांगितलं. (मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. प्रयोगशाळा ‘काही नाही’ म्हणत होती, आया ‘आहे’ म्हणत होत्या, आणि आयांचंच खरं ठरलं.) गावाने दुसऱ्या झऱ्याचं पाणी घेतलं आणि काही वर्षांत पुढच्या मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले.

मग आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट गावाची पाळी आली. अॅल्युमिनियम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने वसवलेलं हे गाव. तिथेही मुलांचे दात तपकिरी. पण पाचच मैलांवरच्या दुसऱ्या गावात मात्र सगळं ठीक. ही बातमी कंपनीचा मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याच्या कानावर गेली आणि तो हादरला. कारण अॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेलं अन्न विषारी असतं, अशी हाकाटी त्या काळी काही लोक करत होते. आता दातांचा दोषही आपल्या माथी येणार की काय! त्याने बॉक्साइटचं पाणी नव्या, अधिक बारीक पद्धतीने तपासायला लावलं. १९३१ मध्ये निकाल आला. पाण्यात फ्लोराइड होतं, आणि तेही लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम!

चर्चिलने मॅकेला पत्र लिहून बाकीच्या गावांचं पाणी मागवलं. सगळीकडे चोर तोच. कोलोरॅडो स्प्रिंग्जचं पाणी ज्या डोंगरातून येतं, त्याच्या खडकांतच फ्लोराइड होतं.

चोर की पहारेकरी?

पण हाच चोर दातांवर पहारासुद्धा देत होता ना! मग प्रश्न आला, किती फ्लोराइड म्हणजे पहारेकरी आणि किती म्हणजे चोर? अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यातले डॉ. ट्रेंडली डीन यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांनी २१ गावांतल्या ७,२५७ मुलांचे दात तपासले, प्रत्येक गावाच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं आणि आकडे शेजारी शेजारी मांडले. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग जवळपास दिसत नाहीत, पण कीड मात्र पुष्कळच कमी होते, असं दिसून आलं. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. असं करणारं ते जगातलं पहिलं शहर. पुढे १९५० नंतरच्या काळात फ्लोराइड टूथपेस्टमध्ये आलं आणि तुमच्या-आमच्या ब्रशवर येऊन बसलं.

आता ते दातांवर करतं तरी काय, ते पाहू.

आधी एक सांगून टाकतो. दाताला ‘कीड’ लागते म्हणजे आत अळी शिरते, असं नाही. जत्रेत कुणी दातातून किडा काढून दाखवत असेल, तर तो किडा त्याच्याच हातातला, हे पक्कं समजा! खरे गुन्हेगार डोळ्यांना दिसतच नाहीत. ते आहेत जिवाणू. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात त्यांची वस्ती असते. तुम्ही चॉकलेट, बिस्किट, लाडू खाल्ला की ते साखरेवर ताव मारतात आणि आम्ल तयार करतात. आम्लता ज्या पट्टीने मोजतात तिला पीएच म्हणतात. साध्या पाण्याचा पीएच ७. आकडा जेवढा खाली, तेवढं आम्ल तीव्र. दातांवरचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताचं चकचकीत कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडतं.

घाबरू नका! आपल्या तोंडात एक गवंडी सतत कामावर असतो. तो म्हणजे लाळ. लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. खाणं थांबलं की अर्ध्या-पाऊण तासात ती आम्ल धुऊन काढते आणि निघालेल्या विटा परत बसवू लागते. दिवसभर ही मोडतोड आणि डागडुजी चाललेली असते. डागडुजी चालू असताना तिथे थोडं फ्लोराइड हजर असलं, तर नव्या विटा जास्त पक्क्या बसतात. त्या विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. शिवाय काम भरभर होतं. म्हणजे फ्लोराइडचं मुख्य काम पोटात जाऊन नव्हे, तर दातांवर बसून होतं.

म्हणूनच डेंटिस्ट सांगतात, की रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करा. झोपेत लाळ कमी सुटते, गवंडी पेंगतो. आणि ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण धो धो चुळा भरू नका. नाहीतर बसवलेला पहारेकरी तुम्हीच हाकलून दिलात!

एक मात्र खरं. दिवसातून दहा वेळा गोड चघळत राहिलात, तर गवंड्याला सवडच मिळत नाही. मग कितीही फ्लोराइड लावा. माझ्या दोन दाढा कशामुळे गेल्या, हे मला चांगलं ठाऊक आहे. लेमनच्या गोळ्या!

आपल्याकडचं पाणी

आता पुन्हा त्या पांढरकवड्याच्या मित्राकडे येऊ. अमेरिकेतल्या शहरांनी पाण्यात फ्लोराइड घातलं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी उलटं आहे. ते पाण्यातून काढायचं कसं, हाच प्रश्न. भारतातली या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ ची. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रोगी सापडले. नुसते दातच नव्हे, लोकांच्या पाठी आणि गुडघेही आखडलेले होते. या रोगाला फ्लोरोसिस म्हणतात. आज राजस्थान, गुजरात, आंध्र, तेलंगणा, कर्नाटक अशा अनेक राज्यांत तो आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत आहे.

हे फ्लोराइड कुणी टाकत नाही बरं का. जमिनीखालच्या काही खडकांत ते असतंच. पाणी त्या खडकांत वर्षानुवर्षं मुरत राहिलं की ते पाण्यात उतरतं. म्हणून पुष्कळदा उथळ विहिरीचं पाणी चांगलं असतं आणि खोल बोअरचं वाईट. गंमत म्हणजे (खरं तर गंमत कसली!) असं पाणी दिसायला स्वच्छ, चवीला छान. रंग नाही, वास नाही. आणि उकळूनही उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागे उरून घट्ट होतं.

आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, त्यापुढे नाही.

दातांवर डाग का पडतात? जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत कायमच्या दातांचं इनॅमल घडत असतं. तेव्हा पोटात जादा फ्लोराइड गेलं की ते नीट घडत नाही. आधी खडूसारखे पांढरे ठिपके, मग पिवळे-तपकिरी पट्टे. फारच जास्त असेल तर दाताला खड्डे पडून तुकडे उडतात. मग ‘कीड नाही’ हे भाग्यही राहत नाही. डाग दाताच्या अंगातच असतात, वरून लागलेले नसतात. म्हणून राखुंडीने, विटकरीच्या भुकटीने घासून ते जात नाहीत. जाते ती हिरडीची कातडी.

तुम्ही बारा-तेरा वर्षांचे असाल, तर समोरच्या दातांवर आता नवे डाग पडायचे नाहीत. पण असं पाणी पुढेही वर्षानुवर्षं पीत राहिलं, तर हाडांना आणि सांध्यांना धोका असतोच. म्हणून पाणी बदलणं हाच खरा इलाज. जमत नसेल तर त्यातलं फ्लोराइड काढायचं. याची एक स्वस्त रीत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने शोधली. तिचं नाव नलगोंडा पद्धत. पाण्यात मापाने चुना, टीसीएल पावडर आणि तुरटी घालायची, ढवळायचं, निवळू द्यायचं. तुरटीच्या गाळाबरोबर फ्लोराइड खाली बसतं. वरचं पाणी गाळून प्यायचं. माप मात्र पाणी तपासूनच ठरवावं लागतं, अंदाजपंचे नाही.

पेस्ट पोटात गेली तर?

“अहो, मग टूथपेस्टमधलं फ्लोराइडही विषारीच की!” असं तुमची आजी म्हणेल. तिला उडवून लावू नका. प्रश्न बरोबर आहे. आपण हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या.

भारतात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड चालतं. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. दोन्ही वेळची सगळी गिळली, तरी अर्धा मिलिग्रॅम. आता एखाद्या गावच्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम आहे असं धरा. दोन लिटर प्यायलं की ८ मिलिग्रॅम. सोळा पट! आणि ते रोज, न थुंकता.

एकदम विषबाधा होण्याची भीती कधी? वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम पोटात गेलं, तर ताबडतोब दवाखाना गाठायला हवा, असं डॉक्टर मानतात. वीस किलोच्या मुलाला त्यासाठी १०० ग्रॅमची अख्खी ट्यूब खावी लागेल. पण दहा किलोच्या तुमच्या धाकट्या भावाला? अर्धी ट्यूब पुरे. पोटदुखी, उलटी तर त्याआधीच सुरू होते. आणि हल्लीच्या पेस्टला स्ट्रॉबेरीचा वास! तेव्हा ट्यूब वरच्या फळीवर. खाल्लीच असेल तर दूध पाजा आणि डॉक्टरकडे न्या.

घरात लहान भावंडं असतील तर त्यांचा ब्रश तुम्हीच भरा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती ट्यूब लवकर संपावी म्हणून, दातांसाठी नव्हे. पाव ग्रॅमने १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ४०० वेळा दात घासून होतात. जाहिरातीसारखी एक ग्रॅम घेतलीत तर फक्त १००. फरक बाबांच्या खिशातून जातो.

अमेरिकेत नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं की नाही, यावर सध्या जोरदार भांडण चालू आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या बुद्ध्यांकाशी, म्हणजे तो कमी असण्याशी, संबंध दिसतो, असा एक सरकारी अहवाल तिथे २०२४ मध्ये आला. तिथल्या नळात मात्र ०.७ च घालतात, आणि तेवढ्याने काही होतं की नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही, असंही त्याच अहवालात आहे. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी पाण्यात ते घालणं बंद केलं. मला विचाराल तर त्यांचं भांडण त्यांना लखलाभ. आपल्यासाठी त्यातला १.५ चा आकडा महत्त्वाचा. कारण त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी आपल्याकडे मुलं खरोखर पितात. आणि पेस्ट? ती दातांवर लावून थुंकायची वस्तू. ती मी वापरतो.

तो मित्र मध्यंतरी एका लग्नात भेटला. आता शाळेत मास्तर आहे. समोरच्या चार दातांवर त्याने डेंटिस्टकडून दाताच्या रंगाचा लेप बसवून घेतला आहे. डाग फिके असतील तर डॉक्टर ते नुसते घासूनही काढतात, याचे तसे जात नव्हते. मी त्या नळावरच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. “जाऊ दे रे,” म्हणाला, आणि लगेच शाळेचं सांगू लागला.

पहिली-दुसरीतल्या मुलांचे दुधाचे दात पडून समोरचे नवे दात आले, की तो ते न चुकता बघतो. दोन-तीन जणांच्या दातांवर खडूसारखे ठिपके दिसले, तेव्हा त्याने शाळेच्या हापशाचं आणि गावातल्या दुसऱ्या एका हापशाचं पाणी बाटल्यांत भरून भूजल खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. शाळेचा हापसा नापास झाला, दुसरा पास. दोन्हींत अंतर चालत पाच मिनिटांचं. आता रोज प्रार्थनेच्या आधी सातवीची मुलं-मुली पाळीपाळीने जातात आणि त्या दुसऱ्या हापशावरून शाळेचा माठ भरून आणतात. जुन्या हापशाचं पाणी झाडांना आणि हातपाय धुवायला. त्याच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : ‘पिऊ नये’. पावसात पुसलं जातं, म्हणून पाळी असलेल्याने ते रोज पुन्हा लिहायचं.